स्थानबद्धता छावण्यांवरील प्रश्नपत्ते : टिपा उत्तम, पण वर्गवारीत गोंधळ

युद्ध पुकारले गेले त्या क्षणी चुकीच्या देशात असल्यामुळे, किंवा केवळ वंशामुळे, ज्यांना काटेरी कुंपणामागे ठेवले गेले अशा नामवंतांवर बेतलेला हा प्रश्नपत्त्यांचा संच आहे. प्रत्येक पत्त्याच्या पुढच्या बाजूस प्रश्न असून मागे उत्तर आणि काही ओळींची टीप आहे, आणि संचाचे खरे मोल या टिपांमध्येच आहे.

सर्वांत सरस पत्ता जेम्स चॅडविक यांचा. 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हा तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये हान्स गायगर यांच्याकडे काम करीत होता. त्याची रवानगी शहराजवळच्या रूलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली, जिथे 4,000 हून अधिक ब्रिटिश नागरिक तबेल्यांमध्ये दाटीवाटीने राहत होते. ‘छावणीतल्या प्रयोगांसाठी त्याने किरणोत्सारी पदार्थ कुठून मिळवला?’ असा प्रश्न आहे आणि उत्तर आहे : टूथपेस्टमधून. त्या काळी थोरियम मिसळलेली टूथपेस्ट जर्मनीत उघडपणे विकली जात असे. सुट्टीसाठी जर्मनीत आलेला चार्ल्स एलिस हा लष्करी छात्र तिथेच चॅडविकच्या सहवासात भौतिकशास्त्राकडे वळला, हेही टीप सांगते. 1932 मधील न्यूट्रॉनचा शोध आणि 1935 चे नोबेल यांचा उल्लेख शेवटी एका ओळीत येतो, आणि हा क्रम मला अगदी योग्य वाटतो, कारण पत्ता छावणीविषयी आहे, पारितोषिकाविषयी नाही.

शिल्पकार इसामू नोगुची यांचा पत्ताही असाच विचारपूर्वक लिहिलेला आहे. अमेरिकेत 1942 च्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना हलवले गेले. न्यूयॉर्कचे रहिवासी असलेल्या नोगुचींना तो आदेश लागू नव्हता, तरीही उद्याने आणि सार्वजनिक जागांची रचना करता येईल या आशेने ते ॲरिझोनातील पोस्टन छावणीत आपणहून गेले. मात्र तिथून बाहेर पडण्याची परवानगी मिळायला त्यांना कित्येक महिने लागले.

एरिक लिडेल यांच्या बाबतीत मात्र निराशा होते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील 400 मीटरचे सुवर्णपदक एवढेच विचारून पत्ता संपतो. चीनमधील वेईशियनच्या जपानी छावणीत या ब्रिटिश धावपटूने मुलांना शिकवले, त्यांचे खेळ घेतले आणि सुटकेला काही महिने उरले असताना, फेब्रुवारी 1945 मध्ये, मेंदूतील गाठीमुळे लिडेल यांचा तिथेच मृत्यू झाला, याचा मागमूसही नाही. प्रश्नासाठी हवी ती माहिती हाताशी असताना ती वगळली जावी, याचे वाईट वाटते.

याहून गंभीर दोष वर्गवारीचा आहे. हाइनरिश हारर यांना ‘युद्धकैदी’ म्हटले आहे. वास्तविक 1939 मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेल्या या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला देहरादूनला ठेवले गेले ते शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून, सैनिक म्हणून नव्हे. एप्रिल 1944 मध्ये काही साथीदारांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा, तर हारर यांच्यासह बाकीच्यांनी तारा दुरुस्त करणाऱ्या मजुरांचा वेश घेतला आणि ते फाटकातून चालत बाहेर पडले, हा प्रसंग टिपेत छान आला आहे. पण युद्धकैदी आणि स्थानबद्ध नागरिक यांतील भेद पुसला गेला, तर लढाईत भाग न घेतलेल्या माणसालाही कोंडले गेले, ही या विषयातली मूळ गोष्टच हरवते.

1962 च्या युद्धानंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना राजस्थानातील देवळी येथे ठेवले गेले, त्यावर मात्र एकही पत्ता नाही. त्यांच्यात जगप्रसिद्ध नाव नसेल, पण मग प्रसिद्धीची अटच सैल करायला हवी होती. इतिहासाची आवड असलेल्या प्रौढांनी आणि वरच्या वर्गांतील शिक्षकांनी हा संच जरूर घ्यावा. मात्र खेळताना आधी टीप मोठ्याने वाचावी आणि गुण नंतर मोजावेत.