'ब्लीक हाउस' ऐकायचं ठरलंय, पण कुणाच्या आवाजात?

डिकन्सची 'ब्लीक हाउस' ऐकायलाच घ्यायची, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. सदुसष्ट प्रकरणं, पात्रांची ही रेलचेल आणि तीस-पस्तीस तासांच्या पुढे जाणारं ऐकणं. एवढा काळ एखादा आवाज कानात मुक्कामाला राहणार असेल, तर तो आधी नीट पारखून घ्यावा. संक्षिप्त आवृत्त्यांचा विचार मी केलाच नाही. पिढ्यान् पिढ्या रेंगाळणारा खटला हाच ज्या कादंबरीचा विषय, ती आटोपशीर करून ऐकण्यात काय हशील? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण ऐकत आलोय. ते का, हे अंगावर यायचं असेल तर जार्न्डिस विरुद्ध जार्न्डिस हा खटला पूर्णच ऐकायला हवा.

माझ्यापुढे शेवटी दोन रेकॉर्डिंग उरली. एक नॅक्सॉस या प्रकाशनाचं, शॉन बॅरेट आणि टेरेसा गॅलाघर या दोघांनी वाचलेलं. दुसरं ऑडिबलचं, मिरियम मार्गोलिस यांनी एकटीनं वाचलेलं. लिब्रिव्हॉक्सवर फुकट आहेच, त्याबद्दल पुढे थोडं बोलतो.

एक आवाज की दोन, हा प्रश्न 'डेव्हिड कॉपरफील्ड'च्या बाबतीत कुणी विचारणार नाही. इथे तो पडतो, कारण या कादंबरीला निवेदकच दोन आहेत. निम्म्याहून किंचित जास्त प्रकरणं एक निनावी निवेदक वर्तमानकाळात सांगतो: धुकं, चिखल, तो खटला जिथे रेंगाळतो ते चान्सरी कोर्ट, उमराव घरातल्या लेडी डेडलॉकचा कंटाळा, झोपडपट्टीतला जो नावाचा पोरगा. त्याचा सूर उपरोधाचा आणि अधूनमधून थेट संतापाचा. उरलेली एस्थर समरसन भूतकाळात सांगते, स्वतःबद्दल संकोचून, बाकी सगळ्यांबद्दल मायेनं. मार्च 1852 मध्ये मासिक हप्त्यांतून ही कादंबरी येऊ लागली, तेव्हा पहिल्याच हप्त्याच्या चार प्रकरणांत वाचकाला हे दोन्ही सूर भेटले होते. त्यामुळे दोन निवेदकांना दोन वाचक द्यावेत, ही नॅक्सॉसची कल्पना कागदावर तरी बिनतोड आहे.

आणि सुरुवातीला ती तशीच वाटते. बॅरेट यांचा आवाज मुरलेला. सॅम्युएल बेकेटच्या कादंबऱ्याही त्यांनी वाचल्या आहेत, आणि लांबलचक वाक्याचा तोल न ढळू देता शेवटपर्यंत कसं जायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पहिल्या प्रकरणातल्या धुक्याच्या परिच्छेदांत नीटशी क्रियापदंच नाहीत, नुसती तुटक विधानं; ती वाचताना त्यांनी कुठेही नाट्य केलेलं नाही. मग तिसऱ्या प्रकरणात गॅलाघर यांची एस्थर येते आणि हवाच बदलते. एस्थर हे फार अवघड काम आहे. 'मी काही हुशार नाही' असं ती इतक्यांदा सांगते की वाचताना मी एक-दोनदा पुस्तक मिटलं होतं. गॅलाघर ती वाक्यं पटकन, जरा हसऱ्या सुरात सोडून देतात आणि एस्थर सुसह्य होते. किंबहुना आवडायला लागते. त्या बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी.

मार्गोलिस यांचं वाचन वेगळ्या घराण्यातलं. डिकन्स हा या बाईंचा आयुष्यभराचा ध्यास. 1989 पासून त्या डिकन्सच्या स्त्री-पात्रांवरचा एकपात्री प्रयोग करत आल्या आहेत आणि डिकन्सच्याच कादंबरीवरच्या 1987 च्या 'लिटल डॉरिट' चित्रपटात त्यांनी फ्लोरा फिंचिंग साकारली होती. त्यामुळे इथे वाचन कमी आणि वठवणं जास्त. चॅडबँडची तेलकट प्रवचनं, स्मॉलवीड म्हाताऱ्याचं खेकसणं, हॉर्टेन्सचं फ्रेंच वळणाचं फणकारणं या सगळ्यात त्या मनसोक्त रमतात. काहींना हे जास्त होईल. मलाही स्मॉलवीडच्या प्रकरणांत आवाज थोडा कमी करावासा वाटला. आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतानाही तो म्हातारा ऐकू येत होता! शिवाय वाचन संथ आहे. मी मधल्या काही प्रकरणांना वेग किंचित वाढवून ऐकलं. धुक्याच्या प्रकरणाला मात्र तसं करू नका, त्याचा जीवच जातो.

इथवर माझं पारडं नॅक्सॉसकडे झुकलेलं होतं. ते फिरलं एका बारीकशा कटकटीमुळे. अनेकांना ती जाणवणारही नाही. मला एकदा जाणवल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

कटकट अशी. निवेदक दोन आहेत, पण पात्रं काही वाटून घेतलेली नाहीत. ती दोन्ही बाजूंना ये-जा करतात, सगळं कथानकच त्या ये-जा करण्यावर उभं आहे. गपी हा वकिलाच्या कचेरीतला कारकून घ्या. एस्थर लंडनला उतरते तेव्हा रस्त्यांवरचा धूर पाहून कुठे मोठी आग लागलीय का, असं ती विचारते, आणि हे तर आमचं लंडनचं खास धुकं, असं सांगणारा हाच. म्हणजे गॅलाघर यांचा गपी. चार प्रकरणांनी तो लिंकनशायरमधल्या चेस्नी वोल्ड या डेडलॉकांच्या वाड्यात लेडी डेडलॉकचं चित्र पाहत थबकतो, तिथे तो बॅरेट यांचा. नवव्या प्रकरणात स्वतःचा पगार सांगत, कायद्याच्या भाषेत अटी घालत तो एस्थरला मागणी घालतो, पुन्हा गॅलाघर. एकोणतिसाव्यात लेडी डेडलॉकसमोर उभा राहतो, पुन्हा बॅरेट. दोघांनीही गपी छान रंगवलाय. पण तो एक माणूस राहत नाही. एकाचा गपी जरा जास्त बनेल, दुसरीचा जरा जास्त बावळट. पुस्तकात या माणसाची गंमत हीच, की तोच हास्यास्पद पोरगा एका मोठ्या घराचं गुपित हातात घेऊन फिरतोय. ती गंमत दोन आवाजांमध्ये सांडते.

गपीचं मी सोडून दिलं असतं. इन्स्पेक्टर बकेटचं सोडता आलं नाही. रहस्य फोडत नाही, पण शेवटाकडे एक रात्रीचा पाठलाग आहे. छप्पन्नाव्या प्रकरणात बकेट त्या कामाला निघतो, मध्यरात्र उलटून गेल्यावर एस्थरला झोपेतून उठवून सोबत घेतो. सत्तावन्नावं प्रकरण एस्थरचं: घोडागाडी, ओला बर्फ, आणि शेजारी बकेट. कादंबरीचा वेग इथे सर्वांत जास्त. आदल्या प्रकरणांमध्ये बकेट ऐकून ऐकून ओळखीचा झालेला असतो: त्याचं ते जाडजूड बोट, लेडी डेडलॉकच्या नवऱ्याला 'सर लेस्टर डेडलॉक, बॅरोनेट' असं दर खेपेला संपूर्ण बिरुदासकट हाक मारणं, कुणालाही न दुखावता सगळं काढून घेण्याची हातोटी. बॅरेट यांनी तो असा काही उभा केलाय की त्याच्या भरवशावर आपणही गाडीत चढतो. आणि गाडी सुटते तेव्हा आत वेगळाच माणूस. गॅलाघर यांचा बकेट सौम्य आहे, एस्थरला धीर देणारा आहे, एस्थरच्या बाजूनं अगदी योग्य आहे. पण ऐन धावपळीत माझं लक्ष पाठलागावरून उडून 'हा कोण?' यावर गेलं. गाडी पुढे गेली, मी मागेच राहिलो.

याचा दोष दोन्ही वाचकांना देता येणार नाही. ही त्या योजनेचीच किंमत आहे. आणि तिचं समर्थनही करता येतं: बकेट एस्थरला जसा दिसतो तसाच तिच्या प्रकरणांत ऐकू यावा, निवेदकाला दिसतो तसा त्याच्या. माझ्या एका मित्राचं हेच म्हणणं आहे, आणि वाद घालायला बसलो तर तो जिंकेल. मी एवढंच म्हणेन की समर्थन डोक्याला पटतं, कानाला नाही.

मार्गोलिस यांच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे गपी हा गपीच आणि बकेट शेवटपर्यंत बकेट. तो सर लेस्टरपुढे एका अदबीनं बोलतो आणि एस्थरशी दुसऱ्या मायेनं, तेव्हा तो फरक त्याच्या वागण्यातला असतो आणि त्यामुळे दिसतो. आपल्याकडे कीर्तनकार आख्यानात राजा, राणी, चोर सगळे एकटाच उभे करतो आणि कुणाची गल्लत होत नाही, तसं. खुद्द डिकन्सही हेच करायचा. 1858 पासून त्यानं तिकीट लावून स्वतःच्या लेखनाची वाचनं केली, अगदी मार्च 1870 मधल्या लंडनच्या निरोपाच्या कार्यक्रमापर्यंत. मेजामागे तो एकटा, आणि सगळी पात्रं त्याच्याच गळ्यातली. ही वाक्यं एकाच तोंडातून यायची म्हणूनच लिहिली गेली असावीत, असं मला वाटायला लागलंय. सिद्ध करता येणार नाही.

मार्गोलिस यांच्या विरुद्ध पहिला आक्षेप असतो तो एस्थरचाच. जेमतेम विशीची मुलगी आणि वाचणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. नमुना ऐकून मीही साशंक होतो. पण एस्थर हे सगळं लिहितेय कधी? सगळं घडून गेल्यावर, सात वर्षांच्या संसारानंतर, शांतपणे मागे वळून. ते लक्षात घेतलं की त्या आवाजातलं पिकलेपण फारसं खुपत नाही. तरीही गॅलाघर यांच्या एस्थरमधला ताजेपणा इथे मिळणार नाही, हे कबूल. विशेषतः मैत्रीण एडाशी ती बोलते तेव्हा फरक कळतो.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. तुम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकत असाल, लोकलमध्ये वीस मिनिटं, रात्री पंधरा, मध्ये कुणाचा फोन, तर एका आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये परत आल्यावर आपण एस्थरकडे आहोत की निवेदकाकडे, हे समजायला एक-दोन वाक्यं जातात. काळावरून कळतं, 'मी' आला की कळतं, पण तोवर चाचपडावं लागतं. दोन आवाज असतील तर पहिल्याच शब्दाला पत्ता लागतो. मी बहुतेक ऐकणं संध्याकाळच्या फेरीत, प्रकरण संपेपर्यंत चालत केलं, म्हणून मला हे फार जाचलं नाही. तुमची सवय वेगळी असेल तर माझं मत तेवढ्या टक्क्यांनी कमी धरा.

लिब्रिव्हॉक्सबद्दल थोडक्यात. 2005 पासून स्वयंसेवक तिथे स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून ठेवतात आणि हे काम मोठं आहे यात शंका नाही. पण अनेकांनी मिळून वाचलेलं रेकॉर्डिंग या कादंबरीसाठी तरी घेऊ नका. मला दोन बकेट सोसले नाहीत, तिथे प्रकरणागणिक नवा भेटू शकतो. शिवाय प्रत्येक भागाच्या आरंभी तीच ती सूचना येते, आणि या पुस्तकाचे भाग काही थोडे नाहीत. एकाच वाचकाचं शोधून घेतलंत तर विनाखर्चात पुष्कळ मिळेल. डिकन्स आपल्याला झेपतो का, हे आधी पाहायचं असेल तर तेच बरं.

आपल्यासारख्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या पण त्यात न वाढलेल्या कानांसाठी आणखी एक. जोचं बोलणं आणि बॅगनेट कुटुंबाचं बोलणं पहिल्यांदा ऐकताना निसटतं, वाचक कुणीही असो. प्रोजेक्ट गटेनबर्गवर मूळ मजकूर मोफत आहे. तो फोनवर उघडून ठेवा आणि पहिली दहा-बारा प्रकरणं डोळे व कान दोन्ही लावून ऐका. पुढे गरज पडत नाही. इथेही पात्राचा आवाज कायम राहिला की ओळख लवकर पटते, हे माझ्या आवडीच्या पारड्यात आणखी थोडं वजन.

विकत घेण्याआधी नमुना ऐकणार असाल तर सावध राहा. नमुना बहुधा सुरुवातीचाच असतो, म्हणजे धुक्याचा, आणि धुकं दोन्हीकडे उत्तम आहे. त्यावरून काहीच ठरत नाही. कुणा ओळखीच्याकडे दोन्ही असतील तर नववं प्रकरण ऐकून पाहा, गपीच्या मागणीचं. ते ऐकताना सातव्यातला गपी आठवत राहिला आणि दोघांमधला फरक तुम्हाला खटकला नाही, तर नॅक्सॉस खुशाल घ्या. गॅलाघर यांची एस्थर तुम्हाला मिळेल आणि ती मोठी गोष्ट आहे. खटकला, तर छप्पन्नावं येईपर्यंत थांबू नका. मार्गोलिस घ्या, आणि स्मॉलवीड आला की आवाज दोन घरं खाली करा.