कॅम्प ते येरवडा: बाळू पालवणकरांच्या वाटेवरची क्रिकेट फेरी

पुण्यात वारसा फेऱ्यांना तोटा नाही. मात्र त्यांतील बहुतेक पेठांमध्येच घुटमळतात. डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांच्या आयुष्यावर बेतलेली एक फेरी एक हौशी गट रविवारी सकाळी काढतो, असे कळल्यावर मी लगेच नाव नोंदवले. शुल्क पाचशे रुपये असून त्यात येरवड्यापर्यंतच्या गाडीचे भाडे धरलेले आहे, त्यामुळे दर वाजवीच म्हणायला हवा.

पहिला थांबा पूना क्लबच्या मैदानाबाहेर आहे. मैदान खासगी असल्याने आत नेले जात नाही, तरीही फेरीतील सर्वांत कसदार भाग इथेच ऐकायला मिळतो. धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले आणि लष्करात नोकरीस असलेल्या वडिलांमुळे पुण्यात आलेले बाळू आधी पारशांच्या एका क्लबात आणि पुढे इंग्रजांच्या या क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, नेट लावणे अशी कामे करीत. त्याचे महिन्याकाठी तीन-चार रुपये मिळत. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी आणि आपण बाद झालो की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मार्गदर्शकाने ती आख्यायिका म्हणूनच सांगितली आणि जोडीला हिशेबही मांडला: ग्रेगला महिन्यात आठदा बाद केले की पगाराएवढी वरकमाई! तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या नोकराच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही, हेही त्याने सांगितले.

पुढचा थांबा रस्त्याकडेच्या झाडाखाली होता. पुण्याच्या हिंदू क्लबाने बाळूंना संघात घेतले, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, हा प्रसंग इथे सांगितला जातो. तो सांगायलाच हवा, याबद्दल दुमत नाही; परंतु तो इतका लांबवला, की त्यानंतर गोलंदाजीसाठी वेळच उरला नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाकीचा भारतीय संघ चाचपडत असताना या माणसाने ११४ बळी घेतले, तेही १८.८४ च्या सरासरीने (म्हणजे बळीमागे तेवढ्याच धावा देऊन), आणि त्यावेळी त्यांची पस्तिशी उजाडलेली होती. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१, हे आकडे तर एका वाक्यात उरकले गेले. दौऱ्यावरील संघाचे प्लॅस्टिकच्या आवरणातील छायाचित्र हातोहात फिरवले, पण उन्हात त्यावर अशी चकाकी येत होती, की बाळू कोणते ते शेवटपर्यंत कळले नाही.

सुदैवाने गटातल्या एका शाळकरी मुलाने “ते चेंडू धरायचे कसे?” असे विचारले. तेव्हा मार्गदर्शकाने पिशवीतून शिवण उसवत आलेला जुना चेंडू काढला, डाव्या हाताची बोटे शिवणीवर आडवी ठेवली आणि मनगट फिरवून, चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर कसा वळतो, ते दाखवले. एवढी पाच मिनिटे माझ्या मते साऱ्या फेरीत सरस ठरली. ती योगायोगावर सोडू नयेत.

येरवड्यास गाडी तुरुंगापासून थोड्या अंतरावर थांबते. याच तुरुंगात झालेल्या २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर, म्हणजे दलितांच्या राखीव जागांविषयीच्या गांधी-आंबेडकर तडजोडीवर, सही करणाऱ्यांत बाळूही होते आणि १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, ही माहिती ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना नवी होती. त्या काळच्या धर्मनिहाय संघांच्या स्पर्धेतील हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना हुलकावणी देत राहिले आणि १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, हा भाग मात्र गाडीत, हॉर्नच्या गोंगाटात सांगितला गेला. मागच्या बाकावर बसलेल्यांना त्यातले निम्मेही ऐकू आले नसावे.

क्रिकेटची आवड असलेल्यांनी ही फेरी जरूर करावी, आणि गाडीत पुढची जागा धरावी. मुलांनाही न्यावे, कारण चेंडू बाहेर निघण्यासाठी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. परतीची गाडी शुल्कात नसल्याने येरवड्याहून रिक्षा आपली आपणच करावी लागते.