नॅनो युरियाची बाटली: पऱ्हाटीला (कपाशीला) जोड म्हणून ठीक, पोत्याच्या जागी नको

कृषी केंद्रातून ५०० मिलीची बाटली आणली म्हणून जमिनीतला युरिया बंद करू नका, पऱ्हाटी उपाशी राहील.

इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या नॅनो युरियात नत्र (नायट्रोजन) ४ टक्के, म्हणजे बाटलीत फक्त २० ग्रॅम. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. नंतरच्या २० टक्केवाल्या 'प्लस'मध्येही साधारण १०० ग्रॅमच. कण २० ते ५० नॅनोमीटरचे, पानाच्या रंध्रांतून आत जातात, हे खरं. पण हरितद्रव्याच्या एकेका रेणूत नत्राचे ४ अणू असतात आणि प्रकाशसंश्लेषणातलं रुबिस्को हे प्रथिनही नत्राशिवाय बनत नाही. बाटलीत नाही ते पानात कुठून येणार? पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात नेहमीचा युरिया कमी करून नॅनो फवारल्यावर गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के, भाताचं १३ टक्के घटलं.

उपयोग आहे तो झड (सततचा पाऊस) लागल्यावर. भारी काळ्या रानात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, खालची पानं पिवळी पडतात; तेव्हा नत्र पानातूनच द्यावं लागतं. मात्र तेच काम साधा युरिया २ टक्के फवारून होतं. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, एकरी ८ पंप, म्हणजे २.४ किलो. खर्च पंधरा रुपयांच्या आत, आणि नत्र जातं १.१ किलो. बाटली सव्वादोनशेच्या आसपास पडते.

घेतलीच असेल तर आधी नीट हलवा, तळाशी साका बसतो. पंपाला ६० मिली, म्हणजे एकरभराला एक बाटली. पहिली फवारणी उगवणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, दुसरी फुलोऱ्याच्या आधी. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर मारा. भर उन्हात थेंब पानावरच सुकतात. १२ तासांत पाऊस आला तर पुन्हा मारावी लागते. कीटकनाशकात मिसळण्याआधी ग्लासभर पाण्यात दोन्ही टाकून पाहा, फुटकी (गुठळ्या) पडली तर वेगळं फवारा.

सोयाबीनवर पैसे घालवू नका, मुळांवरच्या गाठी नत्र देतात. तिथे शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर कमतरता लोहाची आहे, त्यावर ०.५ टक्के फेरस सल्फेट लागतं.

आणि फवारताना पऱ्हाटीचे चार तास (ओळी) कोरे ठेवा. पंधरा दिवसांनी बाजूच्या तासांशी पानाचा रंग आणि पात्या (फुलकळ्या) ताडून पाहा, मगच दुसरी बाटली घ्या.