सॉकर स्टेडियम शहराच्या मध्यात की उपनगरात? ब्रिजव्ह्यू आणि सेंट लुइसचा ताळेबंद

मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगच्या साखळी हंगामात एका संघाला 34 सामने खेळावे लागतात आणि त्यांतले 17 घरच्या मैदानावर होतात. स्टेडियमची जागा निवडताना हा आकडा आधी ध्यानात घ्यावा, कारण कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने चालूच राहतात.

उपनगराच्या बाजूने पहिला मुद्दा स्वस्त आणि सलग जमिनीचा मांडला जातो. शिकागो फायर या संघासाठी ब्रिजव्ह्यू या छोट्या उपनगराने कर्जरोखे काढून सुमारे 20,000 आसनांचे स्टेडियम उभारले आणि ते 2006 मध्ये सुरू झाले. बांधकामात खोट नव्हती. परंतु शहराच्या मेट्रोचे स्थानक तिथे नसल्याने बहुतेकांना मोटारीनेच यावे लागे, आणि सामना सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला लागणारा वेळ कोणत्याही आराखड्यात दाखवलेला नसतो. अखेर 2036 पर्यंतच्या भाडेकरारातून सुटण्यासाठी 6.05 कोटी डॉलर मोजायचे क्लबने 2019 मध्ये मान्य केले आणि 2020 मध्ये संघ शहरातल्या सोल्जर फील्डवर परतला. रोख्यांचे ओझे मात्र त्या छोट्या गावाकडेच राहिले.

सेंट लुइसची गोष्ट वेगळी आहे. तेथील मतदारांनी एप्रिल 2017 मध्ये स्टेडियमसाठी 6 कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी नाकारला आणि त्यामुळे योजना तेव्हा बारगळली. पुढे 2019 मध्ये प्रामुख्याने खासगी पैशांवर उभा राहणारा प्रस्ताव लीगने स्वीकारला. 22,500 आसनांचे हे स्टेडियम शहराच्या मध्यवर्ती भागात, महामार्गाचे जोडरस्ते काढून मोकळ्या झालेल्या जागेवर उभे आहे. मैदान रस्त्यापेक्षा सुमारे 40 फूट खाली घेतल्याने भोवतालच्या इमारतींवर त्याचे दडपण येत नाही, पण इतक्या खोल खोदकामाचा आणि जुन्या भूमिगत वाहिन्या हलवण्याचा खर्च मध्यवर्ती जागेत धरावाच लागतो. ‘खासगी पैसा’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नये, कारण करसवलतींच्या रूपाने शहराने आपला वाटा उचललेलाच आहे.

माझा कौल मध्यवर्ती जागेला आहे, मग आसने दोन-चार हजारांनी कमी झाली तरी चालेल. रेल्वे दारापर्यंत येत असेल आणि क्लब निघून गेला तरी कर्ज क्लबच्याच माथी राहील असा करार होत असेल, तर उपनगराचा विचार करता येईल; या दोन्ही अटी एकत्र जुळून येणे मात्र दुर्मीळ. कोलंबसच्या संघाने 1999 मध्ये या लीगमधले खास सॉकरसाठीचे पहिले स्टेडियम मध्यवस्तीबाहेर, राज्याच्या जत्रेच्या मैदानालगत उभारले होते. 2021 मध्ये तोच संघ मध्यवस्तीतल्या नव्या स्टेडियममध्ये गेला आणि जुन्या जागी आता त्याचा सराव चालतो.