वल्हाला सुपरमॅसिव्ह: आठ महिने वापरल्यानंतर

वल्हाला डीएसपी या कंपनीचा सुपरमॅसिव्ह हा प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा इफेक्ट, २०२० साली आला आणि तेव्हापासून तो फुकटच आहे. मी तो उतरवून घेतला, चार प्रीसेट (तयार सेटिंग्ज) ऐकले आणि 'हा अँबियंटवाल्यांच्या (संथ, पसरट नादाचं संगीत करणाऱ्यांच्या) कामाचा' म्हणून बाजूला ठेवला. पुढे एकदा प्रीसेट सोडून नॉबना हात लावला. गेले आठ महिने माझ्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो एका सेंडवर (आवाजाची प्रत इफेक्टकडे नेणाऱ्या वेगळ्या वाटेवर) असतोच.

हा डिले (सुटे प्रतिध्वनी) की रिव्हर्ब (पसरलेली घुमणूक), असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर वॉर्प या नॉबमध्ये आहे. वॉर्प शून्यावर असताना आतले सगळे डिले एकाच लांबीचे राहतात आणि साधे, मोजता येणारे प्रतिध्वनी ऐकू येतात. वॉर्प वाढवला की त्या लांब्या एकमेकींपासून फुटतात आणि प्रतिध्वनी पसरायला लागतात. त्यात डेन्सिटी (प्रतिध्वनींची दाटी) चढवली की वेगवेगळे ठोके ऐकूच येत नाहीत, नुसता धूसर नाद उरतो.

एका संथ गाण्यात याचा खरा उपयोग कळला. टेम्पो मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) ६२५ मिलिसेकंदांचा; डिले तेवढाच ठेवला. कडव्याचा शेवटचा शब्द गायिकेनं लांबवला होता. फक्त तेवढा शब्द सेंडवर पाठवला, मोड (नादाचा प्रकार) जेमिनाय, वॉर्प शून्य. पहिले दोन-तीन प्रतिध्वनी अगदी स्पष्ट, शब्द कळतो आहे. तिथून ऑटोमेशननं (नॉब आपोआप फिरवण्याच्या सोयीनं) वॉर्प हळूहळू चाळीस टक्क्यांवर नेला. शब्दातली व्यंजनं आधी विरली, मग स्वर तेवढा राहिला आणि त्या स्वरावरच ध्रुवपद सुरू झालं. डिले आणि रिव्हर्ब वेगवेगळे लावून मी हे आधी करून पाहिलं होतं, पण दोघांच्या मधला सांधा कानाला जाणवायचा. इथे सांधाच नाही.

मोड पुष्कळ आहेत, मी तीनच वापरतो. आवाजाला जेमिनाय. अँड्रोमेडा इतका सावकाश उगवतो की पियानोच्या पट्टीवरून हात उचलल्यावर कॉर्ड भरून येते. ग्रेट अ‍ॅनिहिलेटरला फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा आत फिरवणं) पूर्ण दिला तर नाद संपता संपत नाही. ड्रोनसाठी (अखंड चालणाऱ्या नादासाठी) उत्तम, पण फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) बोट ठेवूनच.

मॉड्युलेशनच्या (सूर हलका डोलवण्याच्या) डेप्थकडे नीट लक्ष द्या. गिटारवर ती जास्त असली तरी गोड लागते. पियानोवर तीच सेटिंग लावली की सूर डळमळतो आणि वाद्य बेसूर आहे असंच वाटतं. पियानोला मी दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही.

दोन चुका माझ्या हातून झाल्या, त्या तुम्ही टाळा. सेंडवर असताना मिक्स (इफेक्टचं प्रमाण) शंभर टक्के हवा. मी तो पन्नासवर विसरलो होतो. त्यामुळे मूळ आवाज दोनदा येत होता आणि गायन पुढे का येतंय, हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसरी चूक एक्स्पोर्टची. गाणं संपलं तिथेच मी रेंज संपवली आणि एवढी सुंदर शेपूट (मागे रेंगाळणारा नाद) कात्रीनं कापल्यासारखी तुटली. आता शेवटी निदान तीस सेकंद मोकळे सोडतो.

आवाजाला जेमतेम शंभर मिलिसेकंदांचा, टेपसारखा जरा मळकट स्लॅपबॅक (एकच झटपट प्रतिध्वनी) हवा असेल तर मी दुसरा डिले घेतो. सुपरमॅसिव्हचा स्वभाव स्वच्छ आणि पसरट आहे. गायन चालू असताना प्रतिध्वनी मागे सरावेत म्हणून सेंडवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारा इफेक्ट) लावून त्याला मूळ आवाजाचा साइडचेन देतो, म्हणजे गायनाच्या इशाऱ्यावर तो दाबतो. लो कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) दोनशे हर्ट्झच्या आसपास ठेवला की खालचा गढूळपणाही जातो.

सगळ्यात मोठा बदल मात्र अरेंजमेंटमध्ये झाला. हा प्लगइन मोकळ्या जागेतच ऐकू येतो, भरगच्च ट्रॅकमध्ये त्याचा नुसता चिखल होतो. त्या ७२ टेम्पोच्या गाण्यात मी स्ट्रिंग पॅडचे (तंतुवाद्यांच्या लांब, भरीव सुरांचे) तीन ट्रॅक रचले होते. कडवं आणि ध्रुवपदाच्या मधल्या दोन बारमधून ते तिन्ही काढून टाकले. आता तिथे फक्त त्या एका शब्दाची शेपूट आहे.