‘मूळ मास्टर टेपवरून’ म्हणे! ५,४०० रुपयांच्या एलपी संचाची गोष्ट

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर मी ५,४०० रुपये पाण्यात घातले. पाण्यात म्हणजे कसे, ते पुढे येईलच. जुन्या गाण्यांचे शौकीन गोव्यात घरटी एक सापडतील, आणि तशाच संचांच्या जाहिराती अजूनही व्हॉट्सॲपवर फिरताना दिसतात, म्हणून लिहितोय.

जाहिरात अशी होती: गोमंतकाच्या जुन्या गायिकांच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रिका, तीन एलपी, सचित्र पुस्तिका, फाइल उतरवून घेण्याचा कोड, फक्त ३०० क्रमांकित प्रती, आणि ठळक अक्षरांत ‘मूळ मास्टर टेपवरून पुनर्मुद्रित’. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावं वाचल्यावर फोंड्याच्या माणसाचा हात खिशाकडे जाणारच. माझा गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या वादात पडायचं नाहीये.

आता त्या ‘मास्टर टेप’बद्दल, कारण माझं डोकं तिथेच चालायला हवं होतं. संचातली बहुतेक गाणी ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्यांवरची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. तेव्हा स्टुडिओत टेप नव्हतीच. गायक गायचा आणि सुई थेट मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. त्या मेणावरून धातूचा साचा आणि साच्यावरून विक्रीच्या तबकड्या. टेप आपल्याकडे आली ती बरीच नंतर. म्हणजे १९३५च्या गाण्याची ‘मूळ मास्टर टेप’ म्हणजे शिवाजी महाराजांचा मोबाईल नंबर. हे मला ठाऊक होतं. तरी पैसे भरले. हौसेपुढे अक्कल चालत नाही, दुसरं काय.

खोका आला, दिसायला देखणा. आधी पुस्तिका उघडली. केसरबाईंच्या पानावर समुद्रकिनाऱ्याचा फोटो! गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. बाईंची केरी आमच्या फोंडा तालुक्यातली, आणि यांनी छापला पेडण्याच्या केरीचा किनारा. मोगूबाईंच्या कुर्डीबद्दल लिहिलंय, ‘हे निसर्गरम्य गाव आवर्जून पाहावे.’ कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली त्याला कैक वर्षं झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पडक्या भिंती आणि देऊळ तेवढं वर येतं. नासाच्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी गेली, याची मात्र दोन पानं, तीही चुकलेली. यांनी ती चंद्रावर पाठवली. दोन्ही यानं १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली, चंद्रावर नव्हे तर गुरू-शनीच्या दिशेने. त्यातलं मागाहूनचं यान सुटलं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. एवढी हृद्य गोष्ट हातात असताना चंद्र कशाला?

पण पुस्तिकेतल्या चुका मी पोटात घातल्या असत्या. खरा प्रकार गाण्यात होता.

पहिली एलपी लावली. मामा झोपाळ्यावर बसले होते. वय ८१, देवळाच्या उत्सवातल्या नाटकांना पन्नासेक वर्षं पेटीची साथ केलेले. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “ही बाय उदकांत बुडून गायता कितें रे?” अगदी तसंच वाटत होतं. खरखर काढायच्या नादात यांनी तानपुरा काढला होता, सारंगीची धार घालवली होती, ‘स’ आणि ‘श’ बोथट केले होते. खरखर आणि सुराचा वरचा भाग एकाच कंपनांच्या पट्ट्यात राहतात. झाडू जोरात फिरवला की दोन्ही जातात. ते गेलेलं झाकायला वरून घुमारा चढवला होता.

घुमारा वरचाच आहे हे कसं कळलं, तर ती युक्ती कुणालाही जमेल. जुनी मुद्रणं मोनो असतात, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला तोच आवाज. कोडवरून उतरवलेली फाइल ऑडेसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, बाजू वेगळ्या केल्या, एक उलटी केली आणि दोन्ही मिसळल्या. शुद्ध मोनो असतं तर सारं एकमेकांत विरून जवळजवळ शांतता उरायला हवी. इथे बाई विरल्या, तबला विरला, आणि मागे राहिला नुसता घुमट. ज्या घुमटात त्या कधी गायल्याच नव्हत्या, तो.

दुसऱ्या एलपीवर मामा उठून बसले. त्यातला एक ख्याल आमच्याकडे मूळ तबकडीवर आहे, आजोबांच्या वेळचा. एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून विलंबित (संथ लयीचा भाग) एका बाजूला आणि त्यानंतरचं द्रुत (जलद) दुसऱ्या. संचात द्रुत आधी आणि विलंबित नंतर! लग्नाआधी बारसं. मामांनी पेटी ओढली आणि सूर शोधू लागले. “काळी चार हो ताचो सूर. हांगा पांढरी सव जाल्या.” म्हणजे मूळ सूर पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, इथे सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, जवळजवळ अर्धा सूर वर.

मी म्हटलं, मामा, आपला चावीचा ग्रामोफोनही चुकत असेल. मग कागदावर ७७ रेघांची चकती छापली, तबकडीच्या मधोमध ठेवली आणि माडीवरच्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ग्रामोफोन नेला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग ७८ला आला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. एलईडीखाली हे बहुधा जमत नाही. वेगाचा खटका सरकवत रेघा थांबवल्या, सुई टेकवली. काळी चार. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मग ते ‘स्कार’. द्रुत संपून विलंबित सुरू होण्याआधी, अगदी क्षणभर, कुणीतरी चिरक्या आवाजात ‘...स्कार’ म्हणतं. पहिल्यांदा वाटलं भास. चार वेळा ऐकलं. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या संग्रहातल्या तबकड्या यूट्यूबवर फुकट चढवतात आणि प्रत्येक वेळी ‘नमस्कार’ म्हणून सुरुवात करतात. त्यांचा व्हिडिओ लावला. तोच ख्याल, काळी चारमध्ये, तानपुऱ्यासकट. विलंबित सुरू झाल्यापासून एक मिनिट ४७ सेकंदांवर तबकडीच्या चरेचा ‘टक् टक्’ आहे, तो संचातही आहे, फक्त वेग वाढल्यामुळे सहा-सात सेकंद आधी. ओळखू येऊ नये म्हणून वेग वाढवला असावा. कापणाऱ्याने ‘नम’ कापलं आणि ‘स्कार’ राहिलं. ही यांची मास्टर टेप.

असे संच एवढे का निघतात, यालाही कारण आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे ७८च्या जमान्यातलं बरंचसं आता मोकळं आहे. कुणीही काढू शकतं, आणि जाणकार लोक त्यातून फार चांगलं कामही करतात. चांगल्या संचात प्रत्येक गाण्याखाली तबकडीचा क्रमांक असतो, कुणाच्या संग्रहातली ते असतं, आणि थोडी खरखर ठेवलेली असते. यांच्याकडे क्रमांक विचारला तर उत्तर आलं, ‘ॲनालॉगचा गोडवा कानांनी अनुभवा.’ आता मी विकत घेण्याआधी तबकडीचा क्रमांक आणि एक मिनिटाचा नमुना मागतो. नमुन्यात खरखर अजिबात नसेल तर तिथूनच परत फिरतो.

‘क्रमांकित प्रती’चं सांगायचं राहिलं. माझी प्रत ११२. म्हापशाच्या मित्रानेही घेतला होता, त्याला फोन केला. त्याचीही ११२.

पैसे परत मागितले तर म्हणाले, सील फोडलंय. दोन्ही ११२ नंबरांचे फोटो, रेघांच्या चकतीचा व्हिडिओ आणि ‘मूळ मास्टर टेप’ लिहिलेली जाहिरात जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, हेही कंपनीला कळवून ठेवलं. पाच आठवड्यांनी कुरियरचे पैसे कापून रक्कम आली, संच परत पाठवावा लागला. मित्राला मात्र दमडी मिळाली नाही. त्याने पाचशे रुपये सुटीच्या लोभाने कुणाच्या तरी खासगी यूपीआय नंबरवर पैसे टाकले होते आणि बिल घेतलं नव्हतं. माझ्याकडे बिल होतं, एवढाच फरक.

पुण्याच्या त्या गृहस्थांना सगळं कळवलं. वाटलं, चिडतील. फोनवर आधी बराच वेळ हसले. मग जरा थांबून विचारलं, “म्हणजे माझा आवाज एलपीवर आला म्हणा की! एखादी प्रत मिळेल का?” मित्राने आपली ११२ त्यांना पाठवून दिली.