टॉम अँड जेरी: हॅना-बार्बेरांचे की चक जोन्सचे?

मुलाला टॉम अँड जेरी दाखवायचंय, पण कुठल्या काळातले भाग आधी लावू, असं एका मैत्रिणीने विचारलं. ‘ओरिजिनल’, ‘क्लासिक’ वगैरे लेबलांकडे बघू नकोस. ती सगळ्यांवरच लावतात.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरांनी १९४० ते १९५८ मध्ये एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी ११४ लघुपट केले, ७ ऑस्कर मिळवले. (पहिल्यात टॉमचं नाव जॅस्पर होतं!) नंतरचा दिग्दर्शक चक जोन्स, त्याचे ३४, १९६३ ते १९६७ मधले.

पळापळीत जुने सरस. मार बसतो तो खरा वाटतो, आणि टॉमची ती किंकाळी खुद्द हॅनांची. संगीतात तर तुलनाच नको. १९४७ च्या ‘द कॅट कॉन्सर्टो’त टॉम ऐटीत पियानोवर लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो आणि आतल्या हातोड्यांवर झोपलेला जेरी दचकून उठतो, स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतामुळे संवादांची गरजच उरत नाही.

जोन्सचा टॉम जाड भुवयांचा, जेरी मोठ्या डोळ्यांचा. चेहऱ्यांवरचे भाव झकास, पण धावण्यापेक्षा पोझ देणंच जास्त. गोष्टी मला पातळ वाटतात.

एक अडचण मात्र जुन्यांचीच: कृष्णवर्णीय मोलकरणीचं आणि स्फोटानंतर काळ्या पडलेल्या तोंडांचं वंशभेदी चित्रण. जोन्सकडे ती मोलकरीण नाही.

पोट धरून हसायचं असेल तर जुने लाव, पण लहान मुलासोबत स्वतः बस. चित्रकलेची आवड असलेल्या मोठ्या मुलांना जोन्स दाखव.